आजोबा, नात आणि जीवसृष्टीचा रचनाकार

पत्र: सप्रेम नमस्कार. आमचे कुटुंब चार पिढ्यांपासून बडोद्यात, दांडिया बाजारात राहते. माझे सासरे अभियंता म्हणून निवृत्त झाले असून त्यांचे वाचन दांडगे आहे. माझी मुलगी एम. एस. युनिव्हर्सिटीत सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. गेले काही महिने बाबा 'इंटेलिजंट डिझाईन'वरची अमेरिकन व्याख्याने ऐकत आहेत. पेशीसारखे गुंतागुंतीचे यंत्र रचनाकाराशिवाय होणे अशक्य आहे, हे त्यांना मनापासून पटले आहे. त्यांनी गणितही मांडले आहे: शंभर अमिनो आम्लांचे एक साधे प्रथिन योगायोगाने जुळायचे, तर त्याची शक्यता एकावर 130 शून्ये इतक्यांत एक. ज्येष्ठ नागरिक मंडळात त्यांना यावर भाषण करायचे आहे. त्यासाठी त्यांनी नातीकडे चित्रे तयार करून मागितली, तेव्हा गणपतीच्या आरतीला जमलेल्या पाहुण्यांसमोर ती म्हणाली, "आजोबा, हे सगळे थोतांड आहे. 1953 सालीच प्रयोगशाळेत जीव तयार झालेला आहे." तेव्हापासून दोघांचा अबोला आहे आणि ती आरतीलाही उभी राहत नाही. खरे कोणाचे? मुलीने माफी मागावी का? आणि हे शिकता शिकता तिची श्रद्धा गेली, तर तो दोष कोणाचा?
— एक सून आणि आई, बडोदे

सौ. ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या तीन प्रश्नांपैकी पहिला सुटल्याशिवाय बाकीचे दोन सुटणार नाहीत, म्हणून त्याचे उत्तर आडपडदा न ठेवता आधी देतो. 'इंटेलिजंट डिझाईन' हे विज्ञान नाही, या मुद्द्यावर आपल्या मुलीची बाजू खरी आहे. मात्र 1953 साली प्रयोगशाळेत जीव तयार झाला, हे तिचे विधान चुकीचे आहे. आणि आजोबांनी ज्यावर बोट ठेवले आहे तो प्रश्न, म्हणजे पृथ्वीवर पहिला जीव कसा झाला, आजही सुटलेला नाही. त्या दिवशी रागाच्या भरात या सगळ्याची सरमिसळ झाली आणि अबोल्याचे मूळ मला तिथेच दिसते.

सजीवांमध्ये बदल कसे होत गेले हा एक प्रश्न आणि पहिला सजीव कसा झाला हा दुसरा. डार्विनचा 1859 सालचा ग्रंथ पहिल्या प्रश्नाबद्दल आहे. दुसऱ्याबद्दल त्याने 1871 साली हूकर या आपल्या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला लिहिलेल्या पत्रात केवळ एक कल्पना मांडली, की एखाद्या लहानशा कोमट डबक्यात अमोनिया, फॉस्फरसचे क्षार, उष्णता आणि वीज यांच्या योगाने प्रथिनासारखे संयुग तयार झाले असेल. पहिल्या प्रश्नाचे उत्तर उत्क्रांती हे आहे आणि शास्त्रज्ञांमध्ये त्यावर आता वाद उरलेला नाही. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून 2023 साली उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, याचे मला फार वाईट वाटते, कारण दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्या मुलांना तो पुन्हा वाचायला मिळत नाही आणि मोठेपणी हा विषय त्यांच्यापुढे कोणाच्या तरी प्रचारातूनच येतो.

उत्क्रांतीचा पुरावा पाहायला आपल्याला गावाबाहेरही जावे लागत नाही. कमाटीबागेतल्या म्युझियममधला निळ्या देवमाशाचा सांगाडा बडोद्यातल्या मुलांनी पाहिलेला असतोच, पण त्याच्या लांबीने दिपून गेल्यामुळे पुढच्या वल्ह्यांपाशी सहसा कोणी थांबत नाही. जिवंतपणी जे माशाच्या परासारखे दिसते, त्याच्या आत दंडाचे एक हाड असते, त्यापुढे कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडे, मग मनगटाची लहान हाडे आणि शेवटी बोटांच्या पेरांच्या रांगा. आपल्या हाताची जी मांडणी तीच इथे आहे; दंड आखूड झाला आहे, बोटे लांबली आहेत आणि ती पाचाऐवजी चार आहेत, हे फरक. पाणी कापण्यासाठी कोणी नव्याने वल्हे घडवायला बसला असता, तर त्याला आत बोटे घालण्याचे काही कारण नव्हते. ती तिथे आहेत, कारण देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालत होते. चालणारा प्राणी आणि देवमासा यांच्यामधले दुवे कुठे आहेत, असा प्रश्न रचनावादी मंडळी पूर्वी मोठ्या आत्मविश्वासाने विचारीत. ते दुवे पुढे सापडत गेले आणि त्यांतले काही आपल्याच कच्छमध्ये मिळाले. सुनील बाजपेयी आणि हान्स थेविसन यांनी 2000 साली वर्णन केलेला 'कच्छीसेटस' हा सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीचा लहानखुरा देवमासा. त्याला चार पाय होते आणि लांब शेपूट होते. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागातला 'इंडोहायस' त्याहून जुना. तो खुरांच्या प्राण्यांच्या नात्यातला, मांजराएवढा जीव होता, पण त्याच्या कानाच्या हाडाची जाड कड मात्र देवमाशांच्या कानाशी नाते सांगणारी आहे.

आजोबा ज्यांची व्याख्याने ऐकतात त्यांत मायकेल बीही या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञांचे नाव असणारच. सजीवांचे पूर्वज समान आहेत आणि पृथ्वी अब्जावधी वर्षांची जुनी आहे, हे बीही स्वतः मान्य करतात. त्यांचा आक्षेप वेगळा आहे. 1996 साली त्यांनी असे मांडले की पेशीतली काही यंत्रे अशी आहेत की त्यांतला एक भाग काढला तर सगळे यंत्र निकामी होते. मग अर्धवट यंत्राचा उपयोग काय आणि नैसर्गिक निवड, म्हणजे उपयोगी बदल पिढ्यानपिढ्या टिकत जाणे, त्याला टप्प्याटप्प्याने घडवणार कशी? त्यांचे आवडते उदाहरण म्हणजे जिवाणूची शेपटी, जिला आपली मुलगी कशाभिका म्हणेल. पेशीच्या आवरणात बसवलेली खरीखुरी फिरती मोटार, सेकंदाला शेकडो फेरे घेणारी, आस, कडी, आकडा आणि बाहेर लांब दोरा असलेली. आयुष्य यंत्रांबरोबर घालवलेल्या माणसाला ते चित्र पाहून रचनाकार आठवला, यात नवल नाही, आणि त्या आश्चर्याची कोणी टवाळी करू नये.

पण युक्तिवाद तपासला पाहिजे. कशाभिकेच्या बुडाशी प्रथिने बाहेर ढकलणारा एक पंप असतो. त्याच पंपाच्या नात्यातली, दहाएक सारखी प्रथिने असलेली रचना प्लेगच्या जंतूमध्येही आढळते. तिथे मोटार नाही, शेपटी नाही, आणि तरीही ती रचना आपले काम चोख करते, म्हणजे जंतूचे विष यजमानाच्या पेशीत टोचते. या दोहोंतली जुनी कोणती, यावर अभ्यासकांनी बराच काथ्याकूट केला आहे आणि आजचा कल कशाभिका जुनी असल्याकडे आहे. मुद्दा त्यावर अवलंबून नाही. बाकीचे भाग नसताना उरलेले भाग निरुपयोगी असतात, हे विधान इथे खोटे ठरते. एका कामासाठी असलेला भाग दुसऱ्या कामाला लागणे ही उत्क्रांतीची नित्याची चाल आहे, आणि बीही यांचा आक्षेप नेमकी तीच चाल हिशेबात धरत नाही.

या वादाची न्यायालयातही शहानिशा झाली. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळा मंडळाने नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात 'इंटेलिजंट डिझाईन'चा उल्लेख सक्तीचा केला, तेव्हा अकरा पालक न्यायालयात गेले. न्यायाधीश जॉन जोन्स यांची नेमणूक रिपब्लिकन अध्यक्ष बुश यांनी केलेली होती; तरी 20 डिसेंबर 2005 रोजी दिलेल्या निकालात त्यांनी हे विज्ञान नाही, धार्मिक मताचेच एक रूप आहे, असा निर्वाळा दिला. उलटतपासणीत बीही यांना मान्य करावे लागले होते, की विज्ञानाची जी व्याख्या ते वापरतात, तिच्यात फलज्योतिषही बसते. एवढी एक गोष्ट आजोबांना पुरेशी वाटावी. रचनाकार कोण, त्याने केव्हा आणि कशी रचना केली, यांपैकी एकाही प्रश्नाचे तपासता येईल असे उत्तर हे मत देत नाही आणि म्हणून ते चूक ठरवण्याची सोयही ठेवत नाही.

आता आजोबांचे गणित. गुणाकार अगदी बरोबर आहे. वीस प्रकारची अमिनो आम्ले, शंभर जागा, म्हणजे वीसचा शंभरावा घात, आणि तो एकावर 130 शून्ये इतकाच येतो. चूक गृहीतकांत आहे. हे गणित असे धरून चालते, की एकच एक ठरावीक क्रम उपयोगी असतो आणि तो एकाच सोडतीत लागला पाहिजे. सायटोक्रोम-सी हे साधारण शंभर अमिनो आम्लांचे प्रथिन माणसात आहे आणि यीस्टमध्येही आहे. दोघांच्या क्रमांत एक तृतीयांशाहून अधिक जागी फरक आहे, तरी काम एकच. उपयोगी क्रम किती विरळ असतात, हे कागदावर न मांडता प्रयोगानेही पाहिले गेले आहे. अँथनी कीफ आणि जॅक शॉस्टक यांनी 2001 साली 80 अमिनो आम्लांची, कोणताही क्रम न ठरवता जुळवलेली सुमारे 6 लाख कोटी प्रथिने तयार केली आणि एटीपी हा पेशीतला ऊर्जावाहक रेणू पकडून ठेवणारी प्रथिने त्यांतून शोधली. ती सापडली. त्यांचा अंदाज दहा हजार कोटींत एक, म्हणजे एकावर अकरा शून्ये. रेणू पकडून ठेवणे हे साधे काम आहे, जिवंत पेशी त्यापासून फार दूर आहे, हे आजोबा लगेच म्हणतील आणि ते योग्यच म्हणतील. तरी 130 शून्ये कुठे आणि अकरा कुठे! शिवाय पहिला जीव प्रथिनांपासूनच सुरू झाला, असे आज बहुतेक अभ्यासक मानतही नाहीत.

इथे बडोद्याचा संबंध पुन्हा येतो, आणि मला वाटते या घराला तो सर्वांत उपयोगी पडेल. जीवाच्या आरंभाची मोठी अडचण अशी, की डीएनएमधली माहिती वाचून प्रथिने तयार होतात, पण डीएनएची नक्कल करायला आणि तो वाचायला प्रथिनेच लागतात. मग आधी कोण? आरएनए हा रेणू माहिती साठवतो आणि काही रासायनिक क्रियाही स्वतः घडवून आणतो, हे थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी दाखवले आणि त्यासाठी त्यांना 1989 चे नोबेल मिळाले. त्यावरून असा विचार पुढे आला, की डीएनए आणि प्रथिने यांच्याआधी आरएनएवर चालणारे जीवन असावे. याचा सर्वांत बोलका पुरावा रायबोसोममध्ये मिळाला. प्रत्येक सजीवाच्या पेशीत प्रथिने जोडण्याचे काम रायबोसोम करतो. त्याच्या मोठ्या भागाची रचना 2000 साली थॉमस स्टाइट्झ यांच्या गटाने अणूंच्या पातळीवर उलगडली, तेव्हा असे दिसले की दोन अमिनो आम्ले जिथे प्रत्यक्ष सांधली जातात, त्या जागी निव्वळ आरएनए आहे. प्रथिने त्याच्या भोवतीने आहेत. याच सुमारास लहान भागाची रचना वेंकटरामन रामकृष्णन यांनी उलगडली. स्टाइट्झ, अडा योनाथ आणि रामकृष्णन यांना 2009 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यासाठीच मिळाले. रामकृष्णन यांचे बालपण बडोद्यात गेले, त्यांचे वडील एम. एस. युनिव्हर्सिटीच्या जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते आणि त्यांनी स्वतः 1971 साली याच विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली. आजोबांना यंत्रच पाहायचे असेल तर हे यंत्र पाहावे: आज सगळी प्रथिने घडवणाऱ्या या यंत्राचा गाभा स्वतः प्रथिनांचा नाही, तो एका जुन्या काळातून जसाच्या तसा उरलेला आहे.

इतके असूनही पहिल्या जीवाचे कोडे सुटलेले नाही, हे मुलीने मान्य केले पाहिजे. 1953 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात शिकागो विद्यापीठातल्या स्टॅन्ली मिलर या विद्यार्थ्याने, हॅरल्ड युरी यांच्या मार्गदर्शनाखाली, मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या पाडल्या आणि त्यातून ग्लायसीन, अलानीन यांसारखी अमिनो आम्ले मिळाली. जीव मिळाला नाही. त्या काळचे वातावरण नेमके तसे होते, असेही आता मानले जात नाही. मात्र जीवनाचे घटक निर्जीव रसायनांतून सहज होतात, हा त्यामागचा मुद्दा नंतर कितीतरी पक्का झाला आहे. बेन्नू या लघुग्रहावरून 2023 साली आणलेल्या मातीत, सजीव वापरतात त्या वीस अमिनो आम्लांपैकी चौदा आणि डीएनए-आरएनएचे पाचही नत्रयुक्त घटक, म्हणजे त्यांची 'अक्षरे', आढळले, असे जानेवारी 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. या घटकांपासून स्वतःची नक्कल करणारा रेणू निसर्गात आपोआप कसा झाला, त्याभोवती आवरण कसे आले आणि आरएनएच्या अक्षरांना अमिनो आम्लांचे अर्थ कसे जडले, हे मात्र अजून कोणी दाखवलेले नाही. या विषयाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, जे. बी. एस. हॉल्डेन, 1957 साली भारतात आले, इथले नागरिक झाले आणि 1964 साली भुवनेश्वरला वारले. तेव्हापासून आजवर हे संशोधन पुढे सरकले, ते 'अजून माहीत नाही' असे म्हणून पुन्हा कामाला लागणाऱ्यांमुळे. 'माहीत नाही, म्हणून रचनाकार' असे म्हटले की कामच संपते, आणि माझा 'इंटेलिजंट डिझाईन'ला खरा विरोध आहे तो यासाठी.

श्रद्धेविषयी आपण जी काळजी व्यक्त केली आहे, ती मला मोलाची वाटते. डोव्हरच्या खटल्यात पालकांच्या बाजूने पहिली साक्ष देणारे केनेथ मिलर हे उत्क्रांतीचे खंदे समर्थक आहेत आणि श्रद्धावान कॅथलिक आहेत. आपल्या परंपरेतही हा वाद झालेला आहे. घडा आहे म्हणजे कुंभार असलाच पाहिजे, तसे जग हे कार्य आहे म्हणजे त्याचा कर्ता आहे, असे अनुमान दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी आणि त्यांच्या नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाच्या, परंपरेने मांडले. माळावर घड्याळ सापडले म्हणजे त्याचा घडवणारा असलाच पाहिजे, हा दाखला विल्यम पेली या इंग्रज धर्मगुरूने 1802 साली दिला, त्याच्या आठशे वर्षे आधी. या अनुमानावर कडक टीका करणाऱ्यांत रामानुजाचार्य होते. त्यांच्यासारखा परमभक्त असे म्हणतो, की ईश्वर अशा अनुमानाने सिद्ध होत नाही, तो शास्त्रावरूनच जाणायचा. त्यांच्या भक्तीला त्यामुळे यत्किंचितही बाधा आली नाही. आजोबांनी रामानुजांचा हा भाग जरूर वाचावा. ईश्वराला विज्ञानाच्या न सुटलेल्या कोड्यात बसवले, तर प्रत्येक नव्या शोधाबरोबर त्याला तिथून उठावे लागेल, आणि श्रद्धावान माणसाने तरी त्याची अशी अवस्था करू नये.

म्हणून, मुलीची श्रद्धा टिकली किंवा गेली, तरी त्याचा दोष जीवशास्त्रावर टाकू नका आणि स्वतःवर तर मुळीच घेऊ नका. तिला आरतीला उभे राहण्याची सक्ती करू नये आणि आजोबांशी समेट होण्यासाठी ती अटही घालू नये.

माफी तिने मागावी. उत्क्रांतीच्या बाजूने बोलल्याबद्दल मागू नये. चार पाहुण्यांसमोर वडीलधाऱ्या माणसाच्या प्रामाणिक जिज्ञासेला थोतांड म्हटल्याबद्दल मागावी, आणि त्याच वेळी 1953 चे विधान चुकले होते हेही सांगावे. तिने आधी आपली चूक दुरुस्त केली, तर आजोबांना गणितातली गृहीतके पुन्हा तपासणे सोपे जाईल; आयुष्यभर हिशेब तपासलेल्या माणसाला ते अवघड नसते. आपण मध्ये पंच होऊ नका. दोघांना एकदा कमाटीबागेत पाठवा आणि देवमाशाच्या वल्ह्यापाशी बोलू द्या.

भाषण रद्द करण्याची गरज मला वाटत नाही, त्याचा विषय बदलावा. 'पहिला जीव कसा झाला' हा प्रश्न आजोबांनी मांडावा, आपल्याला पेशीचे एवढे आश्चर्य का वाटते हे मोकळेपणाने सांगावे, रचनाकाराची कल्पना ही आपली श्रद्धा आहे असे स्पष्ट म्हणून मांडावी, आणि आजवर काय कळले व काय कळले नाही, हा भाग नातीला बोलू द्यावा. मंडळातल्या ज्येष्ठांपैकी कोणी रामकृष्णन कुटुंबाला विद्यापीठात पाहिलेले असण्याचाही संभव आहे, तेव्हा रायबोसोमचे चित्र तिने मोठे आणि स्वच्छ काढावे. तारीख ठरली नसेल तर ती तिच्या परीक्षेनंतरची घ्या, कारण ही तयारी दोन संध्याकाळींत होणारी नाही.